चौऱ्याऐंशीच्या व्हॅनचा नारळ

भाईदास : नारळ मी फोडणार नाही, हर्षदा. आणि नारळ फुटल्याशिवाय सुरतेत या भेस्तानच्या स्टँडवर कुणाची व्हॅन नंबरला लागत नाही.

हर्षदा : पप्पांची इतकी वर्षं लागलीच की, भाईदासकाका. डोळे पप्पांचे गेलेत, गाडीचे नाहीत.

भाईदास : ड्रायव्हर बदलला की नवा नारळ. शिवाय चौऱ्याऐंशीचं मॉडेल बाईच्या हाताला चालत नाही. क्लच लाजतो.

हर्षदा : आणि पंच्याऐंशीचं?

भाईदास : ते सोमवारी उपास धरतं. उधन्यापर्यंत ढकलत न्यावं लागतं.

हर्षदा : सत्त्याऐंशीचं?

भाईदास : मिजासखोर. पुढे मोठी गाडी दिसली की हॉर्न वाजवत नाही, खाकरतं.

हर्षदा : म्हणजे शहाऐंशीचं तेवढं गुणी.

भाईदास : त्या साली लोखंड चांगलं आलं होतं.

हर्षदा : तुमची शहाऐंशीचीच ना?

भाईदास : योगायोग.

प्रमिलाबाई : भाईदासभाऊ, तुनी गुणी गाडीले काल अडाजणपाशी आम्ही बायांनीच धक्का मारा ना?

भाईदास : तिचा अपमान झाला होता, प्रमिलाबाई. मागच्या सीटवर कुणीतरी चौऱ्याऐंशीची तारीफ केली.

प्रमिलाबाई : मीच केली. आता नंबर लाव कुणाचा तरी. उशीर झाला तर इच्छापोरला आमच्या कारखान्याचं गेट बंद होतं.

हर्षदा : काका, लायसन माझ्या नावाचं आहे. ही गाडी उभी राहिली तर घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तुम्ही नाही म्हणा, मी नंबरला लागणार.

भाईदास : नारळाशिवाय?

प्रमिलाबाई : दे गं इकडे तो नारळ.

भाईदास : बाईनं नारळ फोडू नये, प्रमिलाबाई.

प्रमिलाबाई : कोणत्या मॉडेलच्या बाईनं?

(दगडावर नारळ फुटतो.)

प्रमिलाबाई : चला गं, बसा आत. डबे मांडीवर घ्या. खोबरं गाडीत वाटते.

भाईदास : सगळ्या तिकडेच? माझी गाडी पहिल्या नंबरला उभी आहे.

प्रमिलाबाई : उभीच आहे ना. हे घे, तुझा तुकडा.

हर्षदा : काका, जरा बाजूला व्हा. काढतेय.

भाईदास : हर्षदा... उजवीकडे वळताना हात बाहेर काढ. इंडिकेटर लागत नाही तिचा.

हर्षदा : हेही चौऱ्याऐंशीचंच का?

भाईदास : नाही. हे तुझ्या बापाचं. उद्या करतो म्हणायचा.