मौन आणि निळा कप

तुमचं मौन तुम्हाला लखलाभ, माझं तर सासूबाईंना थेट बेळगावला पोचवणार होतं! ऑफिसने आम्हाला सजगतेने जगायचा ऑनलाइन क्लास लावलाय. तिथल्या मॅडम म्हणाल्या, रविवारी दुपारपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. नवऱ्याला म्हटलं, आईंना सांगून ठेव. तो विसरला आणि बॅडमिंटनला निघून गेला.

सकाळी सासूबाईंनी विचारलं, "उप्पीट करू काय गं?" मी नुसती हसले.

"आणि चहा?" पुन्हा हसले.

आता घरात सून गप्प बसली, की सासूच्या लेखी तो अबोलाच. थोड्या वेळाने त्या समोर येऊन बसल्या. "तो तुझा निळा कप माझ्या हातनं फुटला. सांगणारच होते की. त्यासाठी एवढा राग?"

मी घाबरून नाही-नाही असे हात हलवले. त्यांना वाटलं, मी जा म्हणतेय.

"सरी, ठीक आहे. जाते मी आपल्या घरी, बेळगावला." आणि आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

मग कसलं मौन! धावतच गेले. "आई, मी रागावले नाहीये हो! क्लासमध्ये गप्प राहायला सांगितलंय!"

त्या मटकन पलंगावर बसल्या. "देवा रे! आठवडाभर जीव टांगणीला लागला होता माझा." मलाही इतकं हायसं वाटलं, की दोघी हसतच सुटलो.

"पण कप फुटलाय हे मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. "रोज त्यातच चहा पीत होतीस की. आठवडा झाला फुटून. मग त्या क्लासात शिकवतात तरी काय गं?"