स्क्रूवरचा लाल ठिपका

...आन् माईक झटका मारतोय म्हणता? मारणारच की! टेस्टर लावला निस्ता अँप्लिफायर मशीनच्या पत्र्याला—बगा, कसा पेटला! सगळा पत्रा करंटवर हाय, पाव्हणं. अर्थिंगच न्हाय ह्येला. कर्ण्याची घुंघुं जावी म्हणून अर्थिंगची वायर तोडणारं लई हायत इंदापूर तालुक्यात—घुंघुं जाती, मानूस बी जातो. मी? मी असलं काम करत न्हाय. ह्या गोकुळनं दुरुस्त केलेली मशीन वळखायची कशी, ठावं हाय का? झाकणाच्या स्क्रूवर लाल नेलपालिशचा ठिपका. दुसऱ्यानं खोलली का ठिपका तुटतोय, मग माझी जबाबदारी न्हाय. नेलपालिश माझ्या भणीचं, अनिताचं. बाटली अजून पुरतीया.—जीपमधल्या पाव्हण्यांना चा सांगू का? न्हाय उतरत? ऱ्हाऊ द्या. कुणाची म्हणला मशीन? शेळगावच्या हिंदुरावची?

त्यो मेला न्हाय अजून?

वळखीचा म्हंजी—दाजी माझा. हुता. कालवणात मीठ कमी पडलं तरी बैलाच्या चाबकानं हानायचा तिला. दोन दात पाडलं. पोटुशी असताना लाथ घातली, पोर गेलं. आन् आमी काय केलं? नांदाय परत धाडली. मीच येष्टीत बसवून दिली, ह्या हातानं! मग त्र्याण्णव साली अंथुर्ण्याला चुलतभणीची हळद हुती. लाऊडस्पीकर हिंदुरावचाच. बायकांनी अनिताला पुढं वढलं—माईकवर नवऱ्याचं नाव घे म्हणल्या. पाणी भरून आलेली, पाय वलं, अनवाणी. 'हिंदुरावांचं' एवढंच म्हणली आन् कर्णा बोंबलाय लागला. बाया हसल्या—वाटलं, लाजली. माईक सुटंना हातातनं, पाव्हणं. मूठ आवळलेली, डोळं पांढरं. खाली पडली, गेली, तरी माईक मुठीतच.

मग मी काय केलं? ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी उचलली. गुडघं फोडलं त्येचं, दोन्ही. वरडत हुता, 'मशीन कालच दुरुस्त करून आणलीया, इचारा—' तवर हानली जबड्यावर. परत एक, जबड्यावरच. दात गिळलं त्यानं. तवापासनं त्येचं बोललेलं कुणाला कळत न्हाय म्हणत्यात. भाऊ असावा तर असा, म्हणली माणसं. चार वर्सं झाली, अजून म्हणत्यात.

काय? कुणी दुरुस्त केली हुती? मला काय ठावं! जबड्यावरच का म्हंजी? राग हुता पाव्हणं, राग काय बगून मारतो का, कुठं लागंल तिथं—अहो, बोटानं धूळ कशाला पुसताय? ऱ्हाऊ द्या. त्यो स्क्रू ऱ्हाऊ द्या म्हणतोय न्हवं!

...व्हय. ठिपका माझाच हाय.

झटका द्यायचा हुता निस्ता. त्येला. माईकला कुणाचा हात लागू देत न्हवता त्यो, सासऱ्याचा सुदिक न्हाय. आन् हळदीच्या मांडवात पायताण घालतं का कुणी? म्हणलं, अनवाणी असंल, धरंल माईक आन् पडंल थडाथडा चार माणसांत—भणीचा एक तरी वळ फिटंल. म्हणून मीच करंटची वायर सोलली, मीच पत्र्याला चिकटवली. आन् त्यो मांडवाच्या भाईर मशीनपाशी बसला, रबरी बूट घालून! सकाळधरनं हॅलो हॅलो करतोय, काय बी झालं न्हाय त्येला. मला वाटलं, जोड सुटला. गप ऱ्हायलो. अनिता माईककडं चालली तवा मी समोरच हुतो. बगत हुतो. एक हाक मारली असती, पाव्हणं. एक. पण म्हणलं, जोड सुटलाय.

उचला ही मशीन. न्हाय करायची मला. बारामतीला न्या, कुठं बी न्या.

आन् हितला पत्ता कुणी दिला तुमाला? त्येला तर बोलता येत न्हाय—कागदावर लिहून दिला? माझं नाव? कवा?

जीपचं दार वाजलं का आत्ता? कोण उतरतंय... असं पाय वढत...

या, दाजी.