शहाण्णव कड्या

मोजणीदार : बस तरी. उभ्या-उभ्या किती भांडशील?

कंडक्टर : नोकरीच उभ्याची माझी, काका. उद्या अकराला सुनावणी आहे, तेवढं बोला.

मोजणीदार : मी निवृत्त माणूस. मला काय विचारतेस?

कंडक्टर : नव्या यंत्रानं मोजलं. कागदावर आमची जमीन दोन एकर, जागेवर सव्वासहा गुंठे कमी. बंगलेवाले जमीनदार म्हणतात, तुझ्या बापानं तेवढं आम्हाला तोंडी विकलं. मेलेल्या माणसाचं तोंड बरं सापडलं त्यांना.

मोजणीदार : विकलंही असेल.

कंडक्टर : तुमची जमीन मोजायची जुनी साखळी कचेरीच्या अडगळीत पडलीय. मी मोजली. शंभर कड्या हव्यात, शहाण्णव भरल्या.

मोजणीदार : गंजून तुटल्या असतील.

कंडक्टर : गंज चार कड्या खातो आणि उरलेली टोकं पुन्हा जोडून ठेवतो होय? बसमध्ये रोज यापेक्षा बऱ्या थापा ऐकते मी.

मोजणीदार : हळू. भिंती पातळ आहेत.

कंडक्टर : ऐकू दे. कसणाऱ्यांना जमिनी द्यायचा हुकूम निघाला, तेव्हा वस्तीतल्या बावीस घरांना तुम्हीच मोजून दिल्यात. बावीसही घरांचं कमी भरतंय. उरलेलं सगळं बंगल्याच्या कुंपणात.

मोजणीदार : बंगल्यातून निरोप आला होता. माझी तीन पोरं लहान होती.

कंडक्टर : आम्ही चार होतो. आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या बापाच्या हातात होतं. आता वस्तीतले म्हणतात, तोही सामील होता. होता का?

मोजणीदार : दर शनिवारी तो साखळी पुसायचा. दहा कड्यांमागे एक पितळी बिल्ला असतो. एका ठिकाणी सहाच कड्या निघाल्या. बोटानं मोजून दाखवल्या त्यानं मला.

कंडक्टर : मग?

मोजणीदार : म्हटलं, तू ओढ. मोजणं माझं काम.

कंडक्टर : आणि तो ओढत राहिला.

मोजणीदार : साहेब म्हणायचा मला.

कंडक्टर : हेच उद्या सुनावणीत सांगा.

मोजणीदार : पेन्शन जाईल. पोरं तोंड बघणार नाहीत माझं.

कंडक्टर : मग बसा पेन्शन कुरवाळत. येते मी.

(ती दाराची साखळी काढायला हात घालते आणि तशीच थांबते.)

कंडक्टर : काका, दाराला ही लांब-लांब कड्यांची साखळी कसली?

मोजणीदार : लोखंड चांगलं होतं. फेकवेना.

कंडक्टर : एक, दोन, तीन...

मोजणीदार : चारच आहेत. पक्कड खिडकीत आहे, काढून घे.

कंडक्टर : मग दार कशानं लावाल?

मोजणीदार : जाताना नुसतं लोटून घे. आणि सकाळी दहाला ये. जिना मला एकट्यानं उतरवत नाही.