मधला दगड

नरडाण्याहून निघालेल्या एसटीत देवचंद ओव्हरसियरच्या पुढच्या बाकावर एक नऊवारीतली म्हातारी आणि एक मास्तरीण बोलत होत्या.

"पाडला तर पाडला, अक्का. नवा पूल किती सरळ आहे!"

"सरळ शे, माय. पन त्याले मधला दगड नही."

"कसला मधला दगड?"

"जुना पूलले कमान व्हती. आमना गाव ह्या काठकडथून बांधत उना, त्यास्ना गाव त्या काठकडथून. मधला दगड बठ्ठास्ना मांगून, शेवटला बसाडा. तो ना आमना, ना त्यास्ना."

"मग?"

"पोर तिकडे दिधी, का तिन्ही कूस उजवत नही तोपावत मायनी त्या दगडना पुढे पाय टाकाना नही. बाजारना दिन आम्ही दोन्ही मायलेकी तठेच बसूत."

"आणि मुलगी आजारी पडली तर?"

"पडनी ना. सांगावा उना, माय ये. मी गयी, पन दगडपाशीच बशी राहिनी. मले वाटनं, बरी व्हई नि तीच ई."

"आली?"

"उनी. चौघास्ना खांदावर."

"...आज कुणाकडे निघालात?"

"जवाईनी दुसरी करी, तिन्हा घर. लेकरूनं बारसं शे. ती म्हने, माय म्हनीसन ये."

"जा, अक्का. आता अडवायला दगडही नाही."

"कोठे टाका व्हई त्याले?"

"फोडून खडी केली असेल. याच रस्त्यात घातली असेल."

ती खडी देवचंदनेच घालून घेतली होती. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

गाडी पुलावर चढली, तशी म्हातारीने वहाणा काढल्या आणि दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले.