वाटणीचा फ्रीज

"हॅलो? … हाव, खामगावच. कोन बोलून राह्यलं? … विमल? मेहकरहून? अवं, हळू बोल, नुसता कल्ला आयकू येऊन राह्यला मले… माय कशी हाय?"

शालूबाईनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. नवऱ्याच्या सरबताच्या दुकानात भरदुपारी गिऱ्हाइकांची झुंबड होती. पण माहेरचा ट्रंककॉल आला की ती गिऱ्हाईक टाकून फोनकडे धावायची. त्यातून विमल, म्हणजे धाकट्या भावाची, पुंजाजीची बायको, उगाच फोन करणाऱ्यातली नव्हती.

"ताप? … हाताले चटका बसते एवढा? … बडबडून राह्यली? काय म्हन्ते? … बाबाले हाका मारते? अवं, बाबाले जाऊन किती सालं झाले… डॉक्टर कुठी हाय? … गावाले गेला. बरं, कंपाउंडर काय म्हने? … बर्फ ठेवा डोक्यावर. मंग ठेवा ना! घरात फ्रीज हाय, अन् मले काऊन इचारून राह्यली?

… निघत नाई म्हंजे?"

विचारलं खरं, पण न निघण्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. संक्रांतीला दोघा भावांची वाटणी झाली. शेतं वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. फ्रीज काही कापता येईना. मग गावच्या शहाण्या पंचांनी निवाडा दिला की वरचा बर्फाचा कप्पा थोरल्या महादेवरावाचा आणि खालचे कप्पे धाकट्या पुंजाजीचे. तेव्हापासून साचलेला बर्फ वितळवायला म्हणून फ्रीज एकदाही बंद झाला नव्हता. वितळलेलं पाणी आपल्या दुधादह्यात पडतं म्हणून पुंजाजी बंद करू द्यायचा नाही, आणि धाकट्याला विचारायचं तर महादेवरावाची जीभ झडत होती. दोघांच्या अकलेचा असा उजेड होता.

"कप्प्याचं तोंडच बुजलं? … ट्रे आतमंदी चिकटला. बरं, ऐक. … हाव, हाव, अवं ऐक ना! आमच्या दुकानात हप्त्याच्या हप्त्याले हेच करत असतो आमी. आंधी बटन बंद कर, पिलग काढ. मंग गंज-पातेल्यात उकळतं पानी घे अन् कप्प्याच्या तोंडाशी ठेव. दार उघडं राहू दे. खाली परात लाव. आपोआप सुटते बर्फ. फक्त लोखंड लावू नको त्याले, आतमंदी ग्यासची नळी असते…

… कोन लावून राह्यलं? … दादा? सब्बल घेऊन?

थांबव त्याले! विमल, थांबव म्हनलं ना! … हा कायचा आवाज आला? … फुस्स झालं? संपलं. गेला ग्यास. खिडक्या उघड, चूल इझव…

पुंजा काय म्हन्ते? … 'माह्या वाटनीचा फ्रीज मारला'? आग लागो त्याच्या वाटनीले! … काय उचललं त्यानं? … कुऱ्हाड? विमल, तू दोघाईच्या मंदी जाऊ नको! शेजाऱ्याईले हाक मार! … कोनाले लागलं? … दादाले? कुठी? … कानामागं? रगत किती हाय? … अन् दादाची सोजरावैनी काय करून राह्यली? … तुह्या झिंज्या धरल्या? मंग चाव तिच्या हाताले! चाव कच्चकन!"

दुकानातली गिऱ्हाइकं पेले तोंडाशी धरून तशीच थबकली. शालूबाई टेबलावर मूठ आपटत होती. तिला त्या दोघांचा इतका संताप आला होता की समोर असते तर तीच पहार घेऊन तिनं दोघांची डोकी फोडली असती.

"सोडलं तिनं? … आता माह्यं ऐक. मायजवळ कोन हाय? … कोनीच नाई? अवं, अख्खं घर फ्रीजपाशी अन् ती बुढी एकटी? ऐक, बर्फ मरू दे. रांजनातलं पानी घे, लुगडं ओलं कर, अंगभर टाक तिच्या, वारा घाल. कपाळावर फडकं ठेव. बर्फ नसला तं हेबी पुरते वं… फोन तसाच ठेव. पळ!"

रिसीव्हर तिकडे उघडाच पडून राहिला, आणि त्यातून शालूबाईला सगळं ऐकू येऊ लागलं. काहीतरी जड आदळलं. काच खळ्ळकन फुटली. कुणीतरी भिंतीवर आपटलं. दोघे भाऊ एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या देत होते. दोघांची आई एकच होती, बहीणही एकच होती, आणि ती इथे फोन धरून उभी होती.

"दादा! … पुंजा! … अबे, ऐका ना बे! माय तिकडे जळून राह्यली! … हॅलो? एक्स्चेंज? नाई, नाई, कापू नका भाऊ! टाइम वाढवा. … हाव, वाढवा म्हनलं ना!

… विमल? आली तू? टाकलं लुगडं? … बडबड थांबली? चला, निजली असंन. … मंग रडून काऊन राह्यली? … नाकापाशी हात धर. … नीट धर. … छातीले कान लाव.

… बरं.

… बरं, विमल."

तिनं पदर तोंडात कोंबला. नवरा काय झालं म्हणून विचारत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"तिकडे आता चूप काऊन झालं सगळं? … समजलं त्याईले. … रडून राह्यले? … मंग ठकठक कायची हाय? … दोघं मिळून? … दादा सब्बल मारून राह्यला, अन् पुंजा खाली परात धरून? … निघाला बर्फ?

… आता कायले? … मी येईपर्यंत मायले ठेवाले.

नाई. सांग त्याईले, शालू येऊन राह्यली. एस्टीनं येते, नाई तं पायी येते. पन बर्फ लावाचा नाई तिले. … हाव, नको म्हनलं. जिती होती तवा कपाळाले तुकडा नाई लागला तिच्या. … लवकर खराब होईन तं होऊ दे. मी पाहीन तशीच. मी येईपर्यंत दोघाईनं हात लावाचा नाई माह्या मायले. सांग दोघाईले, मोठ्यानं सांग, मले आयकू आलं पाह्यजे…"

विमलनं सांगितलं. शालूबाईनं ते ऐकलं आणि फोन ठेवून दिला.