उतरायचं नाही

दौंड स्टेशनवर पुण्याची गाडी लेट होती. धुरपदाला डुलकी येत होती, पण शेजारी कंपनीचा शर्ट घातलेला भारत आणि त्याचे आप्पा बोलत होते.

"आप्पा, वर्ल्डकपात फुटबॉलची अख्खी टीम बसमधनं उतरंना."

"का रं?"

"कोचला उलट बोलला म्हनून एकाला घरी धाडला. बाकीचे म्हनले, आमी बी सराव करनार न्हाई."

"मग?"

"हरले. गेले घरी."

"आन् पुढच्या वर्ल्डकपाला?"

"हेच खेळत्याल की."

"तुमच्यातल्या एकाला कामावरनं काढला, तवा तुमी बी शिक्रापूरला कंपनीच्या बसमधनं उतरला न्हवता."

"व्हय. त्याच बसनं घरी सोडलं."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"डबा घिऊन फाट्यावर हुबा हुतो, आप्पा. बस थांबलीच न्हाई."