मागे न जाणारी गाडी

"ही गाडी मागे जायला जन्मलेलीच नाही!" गॅरेजमध्ये लाल स्पोर्ट्स कारच्या मालकाने जाहीर केले. स्कूटरसाठी ताटकळलेल्या मास्तरांनी कान टवकारले.

"म्हणजे रिव्हर्स पडत नाही," मिस्त्री म्हणाला.

"तेवढंच."

"आणि वळताना मागून घरघर?"

"तो गाडीचा रुबाब आहे."

"ते मागच्या चाकांचं डिफरन्शियल रडतंय, साहेब. शिवाय गिअरबॉक्सच्या हायड्रॉलिक पंपाचा तेलदाब उतरलाय, म्हणून रिव्हर्स पडत नाही. नवा पंप आठवड्याने येईल."

"अहो, बायकोने बजावलंय, पुन्हा बिघडली की विकणार! तोवर गाडी दारात दिसलीच पाहिजे."

"चालवलीत तर गिअरबॉक्सही जाईल. ढकलत न्या."

मालक मास्तरांकडे वळला.

"काका, घर कोपऱ्यावरच आहे, जरा हात लावता? फक्त वाकून ढकला हं, बायको गॅलरीत असते."